टाकीतला प्रश्न बरोबर घेऊन जा

एडिसन, न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे दीड वर्षापासून 65 गॅलनची, म्हणजे साधारण 245 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी आणि एक गोबी मजेत आहेत. झोअँथिड, मशरूम असली मऊ प्रवाळं पसरतायत. पण अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांसारखं वाढणारं दगडी प्रवाळ) लावला की महिना-दीड महिन्यात त्याची टोकं पांढरी पडतात आणि तो जातो. असे चार गेले. हल्ली वाळूवर तपकिरी चिकट तंतूही दिसू लागलेत. फ्लोरिडात अशा टाकीवाल्यांचं तीन दिवसांचं संमेलन आहे आणि विमान, हॉटेल, तिकीट धरून 1,200 डॉलर जातील. "बायको म्हणते एवढ्यात नवा मोठा स्किमर (पाण्यातला मळ फेसातून काढणारं यंत्र) येईल. तिचं बरोबर आहे का? आणि गेलोच तर डिसेंबरात पुण्याला जाताना धाकट्या भावासाठी दोन-चार फ्रॅग, म्हणजे प्रवाळांचे लावायचे तुकडे, नेता येतील का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. का ते पुढे सांगतो.

बाकीच्यावर बोलण्याआधी मी कुठून बोलतोय ते कळू द्या. 2007 पासून माझ्याकडे खारी टाकी आहे. आता तळघरात चार आहेत. प्रवाळांचे तुकडे वाढवून आसपासच्या फ्रॅग स्वॅपमध्ये विकतो, त्यातून मिठाचा आणि विजेचा खर्च कसाबसा निघतो. पहिलं मोठं संमेलन मी 2014 ला डेन्व्हरमध्ये पाहिलं. तेव्हापासून सात झाली. त्यातल्या दोनांत मी टेबलाच्या पलीकडे, विकणाऱ्याच्या बाजूला उभा होतो. त्यामुळे गिऱ्हाईक काय चुका करतं आणि विकणारा त्या कशा होऊ देतो, दोन्ही पाहिलंय.

तुम्ही विचारलंय "जाऊ का?" पण मला तुमच्या मजकुरात वेगळाच प्रश्न दिसतो. तुमचा अ‍ॅक्रोपोरा का मरतो हे तुम्हाला कळलेलं नाही, आणि स्किमर काय किंवा संमेलन काय, दोन्हींतून ते आपोआप कळेल अशी आशा आहे. तुम्ही दिलेले आकडे बघा. नाइट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अल्कलिनिटी, म्हणजे प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं अंशांतलं माप, एका रविवारी 7.5, पुढच्या रविवारी 10.2. पाण्यात खाद्यच नाही आणि अल्कलिनिटी मात्र उड्या मारतेय, अशा पाण्यात अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. सांगाडा भराभर वाढायला बघतो आणि वरच्या मांसाला तेवढा पुरवठा नसतो. मोठा स्किमर लावलात तर पाणी आणखी उपाशी राहील. म्हणजे वहिनींचा हिशेब पैशाच्या बाजूने बरोबर आहे, औषधाच्या बाजूने चुकीचा. आहे तो स्किमरसुद्धा सध्या तुम्ही जास्तच जोरात चालवताय असं मला वाटतं.

आता "संमेलन" या शब्दाखाली अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक असतं मॅक्ना, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या क्लबांच्या महासंघाचं अधिवेशन. पहिलं 1989 साली टोरांटोला झालं आणि मग ते गावोगाव फिरत राहिलं. 2014 डेन्व्हर, 2015 वॉशिंग्टन, 2016 सॅन डिएगो, 2017 न्यू ऑर्लिन्स, 2018 लास व्हेगास, 2019 ऑर्लँडो. तिथे दुकानांचा मोठा हॉल असतोच, पण खरा जीव व्याख्यानांत. दुसरा प्रकार म्हणजे रीफ-अ-पलूझासारखी प्रदर्शनं. व्याख्यानं तिथेही असतात, पण लोक येतात ते प्रवाळं घ्यायला. आपल्याकडच्या भाषेत एक साहित्य संमेलन आणि दुसरी जत्रा. जत्रा वाईट नसते. पण तुम्हाला फक्त फ्रॅग घ्यायचे असतील तर फ्लोरिडाला कशाला जाताय? असल्या जत्रा तुमच्या घराजवळ सिकॉकसलासुद्धा भरल्या आहेत. गाडी काढून सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. फ्लोरिडातलं तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते कार्यक्रमपत्रिका उघडून पाहा. व्याख्यानांना स्वतंत्र दालन आणि तासातासाचं वेळापत्रक असेल तर पुढचं वाचा. दोन-तीन भाषणं आणि बाकी सगळे स्टॉल असतील तर 1,200 डॉलर वाचवा.

टाकीचं वय आणि परिस्थिती यावरही बरंच अवलंबून आहे. टाकी सहा महिन्यांची असेल तर मी कोणालाही नको म्हणतो, कारण त्या वयात विचारण्यासारखा प्रश्नच तयार झालेला नसतो आणि ऐकलेलं सगळं एकदम करून बघावंसं वाटतं. तुमची दीड वर्षाची आहे, मऊ प्रवाळं जगतायत, एकच ठरावीक गोष्ट फसतेय. ही खरं तर जाण्याची उत्तम वेळ आहे. पण आकडे तसेच उड्या मारत असताना जाऊ नका.

म्हणजे काय करायचं? एक साधी वही घ्या. जायच्या आधी निदान चार आठवडे, रोज रात्री एकाच वेळी, दिवे बंद व्हायच्या आधी अल्कलिनिटी मोजा. रविवारी मोजून रविवारीच अल्कलिनिटी वाढवणारा आठवड्याचा डोस ओतणं बंद. तोच डोस सातात भागा आणि रोज थोडा द्या. डोसिंग पंप असेल तर फारच बरं. आकडा 7.5 ते 8.5 च्या मध्ये कुठेही चालेल, पण एका दिवसात अर्ध्या अंशाहून जास्त हलता कामा नये. कॅल्शियम 420 च्या आसपास आणि मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरे. क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, रोज बघा. न्यू जर्सीत थंडीत हीटर सुरू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते की टाकीतून पाणी उडून क्षारता चढते. वरून गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र नसेल तर त्यावर खर्च करा, स्किमरवर नको.

तपकिरी तंतूंसाठी एक घरगुती चाचणी आहे. ती मी इतक्यांदा केलीय की आमच्या स्वयंपाकघरातलं कॉफी फिल्टरचं पाकीट वेगळं ठेवायला बायकोने मला फर्मावलं. वाळूवरचा तो चिकटा पिपेटने ओढून काचेच्या बरणीत घ्या, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा म्हणजे सगळं सुटं होईल. मग कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खाली पडलेलं पाणी दुसऱ्या स्वच्छ बरणीत दिव्याखाली तासभर ठेवा. तासाने त्या गढूळ पाण्यात पुन्हा दोरे जमून आले तर ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव, समजा. शून्य नाइट्रेट, शून्य फॉस्फेटच्या पाण्यात ते माजतात, त्यामुळे तुमच्याकडे तेच असणार असा माझा अंदाज आहे. पुढची पायरी सूक्ष्मदर्शक. मुलांचा खेळण्यातला चारशे पट मोठं दाखवणारा असला तरी चालतो. मोबाइल त्याच्या डोळ्याला लावून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. एका जागी दोरीने बांधल्यासारखा गोलगोल फिरणारा थेंबाच्या आकाराचा जीव असेल तर बहुधा ऑस्ट्रिऑप्सिस. तो रात्री पाण्यात सुटतो, म्हणून अतिनील दिव्याने आटोक्यात येतो. वाळूतच सरपटणारा चपटा असेल तर अ‍ॅम्फिडिनियम. त्याला अतिनील दिव्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तो पाण्यात वर येतच नाही. हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि चार आठवड्यांची वही हे तुमचं संमेलनाचं खरं तिकीट.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. डेन्व्हरला मी पहिल्याच व्याख्यानानंतर माइकपाशी गेलो आणि विचारलं, "माझी प्रवाळं नीट वाढत नाहीत, काय करू?" वक्ता सभ्य होता. त्याने उलट विचारलं, "अल्कलिनिटी किती?" मी म्हटलं, "आठ-नऊ असेल." तो म्हणाला, "आठ की नऊ?" सभागृह हसलं. मी खाली बसलो. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला वही घेऊन गेलो. एका वक्त्याला जेवणाच्या रांगेत गाठलं आणि दोन पानं दाखवली. त्याने ताट हातात धरूनच पाच मिनिटं पानं उलटली आणि म्हणाला, "तुझा मंगळवार बघ." दर मंगळवारी आकडा पडत होता. मंगळवारी मी पाणी बदलायचो आणि माझ्या मिठाच्या मिश्रणाची अल्कलिनिटी टाकीपेक्षा बरीच कमी होती. आठ वर्षं टाकी सांभाळून हे मला दिसलं नव्हतं. ती पाच मिनिटं मला पूर्ण तिकिटाची किंमत देऊन गेली.

तर व्याख्यानांना बसा, पण खरं काम बाहेरच्या गॅलरीत, कॉफीच्या टेबलापाशी आणि शनिवारच्या रात्रीच्या मेजवानीत होतं. मेजवानीचं तिकीट बहुधा वेगळं असतं आणि नवखी माणसं ते वाचवतात. वाचवू नका. तुमच्या टेबलावर ओहायोतला एखादा दंतवैद्य, एखादी शाळामास्तरीण आणि वीस वर्षं माशांची पिल्लं वाढवणारा एखादा निवृत्त सुतार येतो. तुमचा व्हिडिओ त्यांच्यापुढे ठेवा आणि गप्प बसा. (शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच लिहा. मी मालवणचा, मला ती अडचण नाही, पण दिवसभर माशांवर माया करून रात्री ताटात मासा आला की आमच्या टेबलावर दरवेळी तेच जुने विनोद होतात. माझी आई इथे आली होती तेव्हा क्लाउनफिशकडे बघून तिचा पहिला प्रश्न होता, "ह्यो खातत काय?" दुसरा प्रश्न, "पोवळी पाळतंस होय?" पोवळं म्हणजे दागिन्यातलं लाल प्रवाळ, ते वेगळं. आपल्या टाकीत वाढतात ते त्याचे लांबचे भाऊबंद.)

कोणत्या व्याख्यानाला बसावं हे ठरवताना नावापेक्षा विषय बघा, पण काही माणसं कशी घडली ते माहीत असलं की ऐकायला मजा येते. संजय जोशी यांनी पेन स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकीची प्राध्यापकी केली. त्यांनी टाकीवरच्या दिव्यांच्या प्रकाशाची रीतसर मोजमापं करून छापली, आणि आपण आज "या दिव्याखाली इतका पार (प्रवाळांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) मिळतो" असं जे सहज बोलतो त्यामागे अशा कामाचा मोठा वाटा आहे. मार्टिन मो यांनी 1970 च्या दशकात फ्लोरिडात क्लाउनफिशची पैदास धंद्याच्या पातळीवर आणली. मॅट पेडरसन या हौशी माणसाने प्रवाळं खाऊनच जगणारा, टाकीत हमखास मरणारा हार्लेक्विन फाइलफिश घरात पैदा केला आणि महासंघाने त्यांना 2009 चा वर्षातला सर्वोत्तम मत्स्यपालक ठरवलं. 2015 ला हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने पिवळ्या टँग माशाची पिल्लं मोठी करून दाखवली. त्या आधी बाजारातला प्रत्येक पिवळा टँग समुद्रातून धरलेला असायचा. या बातम्या आपल्यापर्यंत जाहिरातीतून पोचतात. तिथे ती खटपट केलेली माणसं भेटतात आणि किती हजार पिल्लं कोणत्या दिवशी मेली तेही सांगतात. मला यशापेक्षा ते ऐकायला आवडतं.

आणखी एका विषयाला जरूर बसा, कारण फ्लोरिडात तो हमखास निघतो. 2014 ला मायामीजवळ प्रवाळांचं मांस झडण्याचा एक रोग सुरू झाला आणि तो तिथल्या पूर्ण प्रवाळपट्ट्यात पसरत गेला. रोग पोचायच्या आत निरोगी प्रवाळं उचलून देशभरच्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत ठेवायचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. ती प्रवाळं जमिनीवर जगवायला लागणारी विद्या, म्हणजे मीठ, दिवे, प्रवाह, डोसिंग, ही बरीचशी आपल्यासारख्यांच्या तळघरांतून तावूनसुलाखून निघालेली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये टँपाच्या फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने खांब प्रवाळाची अंडी प्रयोगशाळेत मिळवली. कृत्रिम चांदणं आणि ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान देऊन हे साधायची पद्धत लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या मंडळींनी बसवली होती. ही व्याख्यानं ऐकून तुमचा अ‍ॅक्रोपोरा वाचणार नाही. पण "एवढे पैसे घालून काय नुसती शोभा?" असं घरात विचारलं की द्यायला एक खरं उत्तर मिळेल.

आता खरेदी. इथे मी स्वतः भाजलोय म्हणून जरा थांबून सांगतो.

विक्रीच्या हॉलमध्ये अंधार असतो आणि प्रत्येक ट्रेवर गडद निळा दिवा. त्या प्रकाशात प्रवाळांतली रंगद्रव्यं स्वतःच चमकतात, हिरवं विजेसारखं, नारिंगी निखाऱ्यासारखं. तोच तुकडा घरी पांढऱ्यात आणला की मळकट तपकिरी. यात विकणारा खोटं बोलत नसतो, तो फक्त दिवा निवडतो. खिशात छोटी पांढरी विजेरी ठेवा आणि विचारून, दोन सेकंद, तुकड्यावर मारा. ज्याला राग येईल त्याच्याकडून घेऊ नका. मग तीन गोष्टी विचारा. हा तुकडा तुझ्याकडे किती महिने आहे? तुझी अल्कलिनिटी किती? किती पार खाली वाढवलास? चांगला विक्रेता तिन्ही आकडे पटकन सांगतो, बऱ्याचदा कंटाळा येईपर्यंत सांगतो. "हार्डी आहे, कुठेही जगेल" एवढंच म्हणणाऱ्याने तो तुकडा परवाच कापून आणलेला असतो. तुकड्याच्या बुडाशी मांसाने प्लगवर, म्हणजे तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर, पसरायला सुरुवात केली असेल तर तो जुना. बुडाला गोंदाची स्वच्छ पांढरी कड दिसत असेल तर तो ताजा.

रविवारी दुपारी तीननंतर भाव कोसळतात, कारण कोणालाच माल परत न्यायचा नसतो. मी असाच एका वर्षी शेवटच्या तासात अ‍ॅक्रोपोराचे पाच तुकडे अर्ध्या भावात घेतले. हॉटेलवर औषधाच्या पाण्यात बुडवले, काही पडलं नाही, खूश झालो. घरी आल्यावर थेट मोठ्या टाकीत लावले. सहा-सात आठवड्यांनी माझ्या सगळ्यात जुन्या अ‍ॅक्रोपोरावर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट गोल डाग दिसायला लागले. बुडाशी, जिथे मांस संपून नागडा सांगाडा सुरू होतो तिथे, भिंग लावून पाहिलं तर खसखशीच्या दाण्यांसारखी तपकिरी अंडी ओळीत चिकटवलेली. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा. त्याचा रंग प्रवाळाच्या मांसासारखाच, त्यामुळे टर्की बेस्टरने, म्हणजे फुगा लावलेल्या मोठ्या पिपेटने, जोरात पाणी मारल्याशिवाय तो दिसतसुद्धा नाही. त्या वर्षी माझ्या अकरा वसाहती गेल्या, त्यातली एक नऊ वर्षांची होती. विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्यालाही बहुधा माहीत नसावं. चूक माझी होती. औषधाच्या बुडवणीने किडे मरतात, अंडी मरत नाहीत.

म्हणून तेव्हापासूनचा माझा रिवाज असा आहे. घरी आल्या आल्या तुकडा प्लगवरून हाडं कापायच्या कात्रीने बुडापासून कापायचा आणि तो जुना प्लग फेकायचा, कारण अंडी, व्हर्मेटिड गोगलगाई, एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाची पिल्लं सगळं तिथेच लपतं. नव्या प्लगवर जेल सुपर ग्लूने लावायचा. मग दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवडे बुडवण, दरवेळी भिंगाखाली तपासणी. या काळात तुकडे वेगळ्या टाकीत. दहा गॅलनची टाकी, छोटा हीटर, एक पंप आणि बरा दिवा एवढं पुरतं. त्या टाकीत मासा नाही. यालाही कारण आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोष ओल्या प्लगवर किंवा गोगलगाईच्या कवचावर बसून येऊ शकतात. माशाशिवाय ते पुढे जगत नाहीत, म्हणून बुडवणी संपल्या तरी एकूण 76 दिवस बिनमाशाचं ठेवायचा आकडा आमच्यात रूढ आहे. झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, आणि ते वाढलेले दगड उकळून साफ करायचा विचारही मनात आणू नका, वाफेतून विष फुप्फुसात जातं.

तुमच्याकडे अशी वेगळी टाकी नाही, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. मग नियम सोपा आहे, या खेपेला काहीही जिवंत घेऊ नका. पहिल्या दिवशी तर कोणीच घेऊ नये, पण तुम्ही तिसऱ्याही दिवशी घेऊ नका. वचन पाळणं अवघड वाटत असेल तर हॉलमध्ये क्रेडिट कार्ड नेऊ नका. हे मी थट्टेत म्हणत नाही, मी स्वतः हॉटेलच्या तिजोरीत कार्ड ठेवलेलं आहे.

पुढच्या खेपेसाठी प्रवासाचं सांगून ठेवतो. लघवी तपासायला देताना मिळते तसली आटे असलेल्या झाकणाची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी फ्रॅगसाठी सर्वोत्तम. तळाला प्लग अडकवायचा म्हणजे तुकडा हेलकावत नाही. पिशव्याच वापरायच्या तर दुहेरी, आणि तट्ट फुगवलेल्या नकोत, कारण विमानात हवेचा दाब कमी होतो आणि त्या आणखी फुगतात. डेन्व्हरला तर शहरच सोळाशे मीटर उंचीवर. समुद्रकाठच्या गावांहून माल घेऊन आलेल्यांच्या पिशव्या तिथे उशांसारख्या दिसत होत्या. अमेरिकेत पाण्यातला जिवंत मासा पारदर्शक डब्यात घालून सुरक्षा तपासणीतून हातातल्या सामानात नेऊ देतात, आणि मी प्रवाळंही तशीच आणलीत. पण शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा आणि विमान कंपनीचे नियम वेगळे, तेव्हा आधी फोन करा. त्या डब्या ओळीने ट्रेमध्ये मांडल्यावर तपासणीवाला तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो तिची तयारी ठेवा.

पुण्याच्या भावाचं. 2001 पासून भारतात दगडी प्रवाळं, समुद्रपंखे, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रघोडेसुद्धा. तुम्ही म्हणाल, माझा तुकडा तर अमेरिकेत टाकीत वाढवलेला आहे. तरी दगडी प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस (CITES) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. देशाबाहेर नेताना निर्यात परवाना लागतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या करारातल्या प्रजाती भारताच्या कायद्यातही आल्यात, शिवाय जिवंत प्राणी आणायला आरोग्याचे परवाने वेगळे. सामानात चार डब्या घालून मुंबईच्या कस्टम्सपुढे उभं राहिलात तर ती तस्करी ठरेल. "लहान तुकडा आहे, कोण बघतंय" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या सल्ल्याने वागून तुमच्या भावाच्या दारात वनखात्याची गाडी यावी असं मला वाटत नाही. भावाला प्रवाळं बघायचीच असतील तर मालवणला पाठवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ती आहेत, तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. बघायची, हात लावायचा नाही.

त्याच्यासाठी नेण्यासारखं दुसरं बरंच आहे. पाण्याचा खारेपणा मोजायचा चांगला रिफ्रॅक्टोमीटर, अल्कलिनिटी मोजायचं खिशातलं यंत्र, जुनी पुस्तकं. पंप नेणार असाल तर एक गोष्ट पाहा. भिंतीत थेट लागणारा इथला पंप 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झचा असतो, पुण्यात 230 आणि 50. तो तिथे जळेल. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी 50 हर्ट्‌झवर हळू फिरेल. डीसी पंप घ्या, ज्याच्या अ‍ॅडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. तो पिन बदलून तसाच चालतो. असली यंत्रं संमेलनात बऱ्याचदा सवलतीत मिळतात, आणि त्यांना किडे लागत नाहीत.

मग जायचं की नाही? तारखेला आठ आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिकीट आज काढू नका. आजपासून वही सुरू करा. स्किमर दिवसातले बाराच तास चालवा, माशांना खाऊ थोडा वाढवा आणि नाइट्रेट पाचच्या, फॉस्फेट 0.05 च्या आसपास येऊ द्या. एवढ्यानेच तंतू मागे हटू लागले आणि अल्कलिनिटीची रेघ सरळ झाली तर तुमचा प्रश्न घरीच सुटला, आणि 1,200 डॉलरचं काय करायचं ते वहिनींना ठरवू द्या. रेघ सरळ होऊनही तंतू तसेच राहिले तर तिकीट काढा, कारण मग तुमच्याकडे तिथे नेण्यासारखा प्रश्न आहे. दोन्हींत तोवर पाचवा अ‍ॅक्रोपोरा आणू नका. चार आठवड्यांनी वहीच्या पानांचा फोटो आणि सूक्ष्मदर्शकातला व्हिडिओ पाठवा, मी बघतो. फोटोत तारखांबरोबर वारही दिसू द्या.